आवृत्त्यांचा मेळ : संगणकातील नोंदी आणि त्यांचे अहवाल
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. डेटाबेस सर्व्हरवर अहवाल काढणारे सॉफ्टवेअर बसवताना दोघांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात की नाही, हे कसे पाहावे, असा तो विषय. पालक म्हणतील, याच्याशी आमचा काय संबंध? संबंध असा की, तुमच्या मुलीचे नाव, जन्मतारीख, हजेरी, गुण, शिष्यवृत्ती हे सारे आता याच यंत्रात राहते.

शाळेतले जनरल रजिस्टर आपल्या परिचयाचे आहे. दाखला मागायला गेलात की कारकून ते जाडजूड रजिस्टर काढतो, नोंद शोधतो आणि तिच्यावरून शाळा सोडल्याचा दाखला लिहून देतो. डेटाबेस सर्व्हर म्हणजे ते रजिस्टर आणि रिपोर्टिंग सॉफ्टवेअर म्हणजे तो कारकून. फरक एवढाच की, कागदाचे रजिस्टर कोणत्याही कारकुनाला वाचता येते. संगणकातले रजिस्टर कोणत्या वर्षी, कोणत्या पद्धतीने बांधले आहे, यावर ते कोणाला उघडेल हे ठरते.

आपण वडाळ्याची माणसे, तेव्हा उदाहरण इथल्याच स्टेशनाचे घेऊ. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी त्या वेळच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने, म्हणजे आपल्या वडाळ्यावरूनच, देशातली पहिली विजेची गाडी धावली. वरच्या तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. पुढे देशभर २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह रूढ झाला आणि मुंबईलाही बदलणे भाग पडले. पश्चिम रेल्वेचे काम २०१२ साली पुरे झाले, हार्बर मार्गाची पाळी एप्रिल २०१६ मध्ये आली. केवळ डीसीवर चालणारी गाडी एसी तारेखाली चालत नाही, आणि केवळ एसीची गाडी डीसीखाली चालत नाही. म्हणून मधल्या वर्षांत दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. तार एका रात्रीत बदलता येते. पण त्या तारेखाली चालतील अशा गाड्या आधी हाताशी लागतात. गाडी नवी आहे का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नव्हते. ती या तारेखाली चालेल का, हा विचारत होते.

आता संगणकाकडे वळू. अनेक कार्यालयांत मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. त्याचे अहवालाचे अंग, रिपोर्टिंग सर्व्हिसेस, २००४ साली एसक्यूएल सर्व्हर २००० ला जोड म्हणून आले. पुढे २०१६ च्या आवृत्तीपर्यंत ते सर्व्हरच्याच संचातून बसत असे. बसवताना एका चौकटीत खूण केली की झाले. २०१७ पासून ते वेगळे काढले. आता ते स्वतंत्र उतरवून घ्यावे लागते आणि एका यंत्रावर त्याची एकच प्रत बसते. जुने पुस्तक समोर ठेवून शिकणारा विद्यार्थी ती चौकट शोधत बसतो आणि शेवटी आपल्या यंत्रालाच दोष देतो. बिचाऱ्या यंत्राचा काही अपराध नसतो. आणखी एक गोष्ट, एसक्यूएल सर्व्हर २०२५ बरोबर रिपोर्टिंग सर्व्हिसेसची नवी आवृत्ती आलेलीच नाही. त्या जागी पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर आहे. नव्या सर्व्हरची खरेदी करणाऱ्या संस्थेने एवढे तरी जाणून असावे.

गोंधळ मुख्यतः होतो तो असा. आपण म्हणतो, 'दोघांची आवृत्ती जुळली पाहिजे.' पण इथे दोन नाहीत, तीन आहेत. एक, अहवाल काढणारी सेवा. दुसरा, त्या सेवेचा स्वतःचा डेटाबेस. ती आपले काम चालवण्यासाठी 'रिपोर्टसर्व्हर' आणि 'रिपोर्टसर्व्हरटेंपडीबी' असे दोन डेटाबेस राखते, त्यांत अहवालांचे नमुने, कोणाला काय पाहायची परवानगी आहे, कोणता अहवाल कधी निघावा, हे असते. आणि तिसरा, ज्यात मुलांच्या खऱ्या नोंदी आहेत तो डेटाबेस. सेवा आणि तिचा स्वतःचा डेटाबेस यांचा मेळ निर्मात्याने छापलेल्या कोष्टकाप्रमाणेच असावा लागतो. तिथे अंदाज चालत नाही. खऱ्या नोंदींचा डेटाबेस मात्र जुना असला तरी बहुधा चालतो, कारण सेवा त्याच्याकडे फक्त वाचायला जाते. हा भेद ज्याला कळला, त्याचा निम्मा त्रास वाचला.

नावांवरही विसंबू नका. २००८ आणि २००८ आर-टू ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात; पण आतला क्रमांक एकाचा १०.० आणि दुसऱ्याचा १०.५०. पहिल्याची बॅकअप प्रत दुसऱ्यावर उतरते, दुसऱ्याची पहिल्यावर उतरत नाही. हा नियम सगळ्याच आवृत्त्यांना आहे : जुन्यातून नव्यात जाता येते, नव्यातून जुन्यात परतता येत नाही. पुष्कळजण म्हणतात, आम्ही 'कंपॅटिबिलिटी लेव्हल' खाली आणू. ती पातळी प्रश्न विचारण्याची जुनी रीत चालू ठेवते, हे खरे. फाइलीची बांधणी मात्र ती बदलत नाही. म्हणून आवृत्ती वाढवण्यापूर्वी जुन्या आवृत्तीतली बॅकअप प्रत आणि तिच्यासह चालणारे जुने यंत्र, दोन्ही काही दिवस जपून ठेवावीत. नुसती प्रत ठेवली आणि यंत्र मोडीत काढले, तर ती प्रत उतरवायची कशावर?

अहवालाच्या नमुन्याच्या फाइलीलाही आवृत्ती असते. घरच्या संगणकावर नव्या साधनाने केलेला प्रगतिपत्रकाचा नमुना कार्यालयातल्या जुन्या सर्व्हरवर चढवला, तर सर्व्हर तो अमान्य करतो. साधनात 'टार्गेट सर्व्हर व्हर्जन' अशी एक नोंद असते, तिथे आपला सर्व्हर कोणता ते आधी सांगावे. एवढ्या एका ओळीसाठी माणसे आठवडा घालवतात.

आता मराठी नावांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इंग्रजी पुस्तकांत याला फारशी जागा मिळत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अक्षरे साठवायचे दोन प्रमुख प्रकार आहेत, व्हारकॅर आणि एनव्हारकॅर. साध्या व्हारकॅरच्या रकान्यात देवनागरी नाव भरले, तर त्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. ती पडद्यावरची चूक नव्हे. मूळ नावच गेलेले असते, नंतर कोणतेही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. उर्दू लिपीत लिहिलेल्या नावाचीही तीच गत. एनव्हारकॅर वापरला की हा प्रश्न मिटतो. पण २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ ची सोय आली आणि साध्या व्हारकॅरमध्येही देवनागरी मावू लागली. चांगलेच झाले, पण त्यातूनच एक नवा सापळा तयार झाला. समजा, एखाद्या हुशार मुलाने घरी २०१९ वर यूटीएफ-८ धरून सगळी रचना केली आणि कार्यालयातला सर्व्हर २०१६ चा आहे. तिथे ती वर्णक्रमाची व्यवस्थाच ओळखली जात नाही. मग कोणीतरी घाईने ती ओळ काढून टाकतो, रकाने बिनतक्रार तयार होतात, आणि भरलेल्या शेकडो नावांच्या जागी प्रश्नचिन्हे बसतात. शाळेतले नाव पुढे दहावीच्या गुणपत्रिकेवर जाते. तिथली एक वेलांटी दुरुस्त करायला किती खेटे घालावे लागतात, हे इथे बसलेल्या पालकांना मी सांगायला नको.

राहिली किल्ली. रिपोर्टिंग सर्व्हिसेस आपले जपून ठेवलेले पासवर्ड एका एन्क्रिप्शन कीने बंद करते. २०१६ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरून २०१७ किंवा पुढच्या आवृत्तीवर जायचे, तर जागच्या जागी बढती मिळत नाही. डेटाबेस हलवावे लागतात, नवी सेवा स्वतंत्र बसवावी लागते आणि ही किल्ली तिथे लावावी लागते. किल्लीची प्रत नसेल, तर अहवालांचे नमुने मिळतात, पण त्यांना नोंदींपर्यंत नेणारे सगळे पासवर्ड पुन्हा हाताने भरावे लागतात. ते भरलेला माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर विचारायचे कोणाला? किल्लीची फाइल आणि तिचा पासवर्ड कार्यालयाच्या कपाटात, दोन वेगळ्या पाकिटांत ठेवावा. मी तर म्हणेन, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. पुरवठादाराकडे एकट्याकडे मुळीच नको.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काहीजण या धंद्यात याल. मायक्रोसॉफ्टची डेव्हलपर आवृत्ती शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी फुकट मिळते. संस्थेचा रोजचा कारभार मात्र तिच्यावर चालवायला परवाना नसतो. परक्या सर्व्हरपाशी बसलात की पहिले काम 'सिलेक्ट ॲट-ॲट-व्हर्जन' ही आज्ञा द्या आणि जे उत्तर येईल ते पूर्ण, शेवटच्या आकड्यासकट, वहीत उतरवा. आवृत्तीबरोबर एडिशनही पाहा. २०२५ पूर्वीच्या आवृत्त्यांत फुकटच्या एक्स्प्रेस एडिशनमधला एक डेटाबेस १० जीबीपुढे वाढत नसे. आधाराची मुदतही पाहा : २०१२ ची आवृत्ती १२ जुलै २०२२ ला आणि २०१४ ची ९ जुलै २०२४ ला निर्मात्याच्या आधाराबाहेर गेली.

आणि संस्थांच्या चालकांना एक विनंती. हे काम जूनच्या प्रवेशाच्या गर्दीत किंवा निकालाच्या आठवड्यात काढू नका. दिवाळीची सुट्टी गाठा, जुने यंत्र चालू असतानाच नवे शेजारी उभे करा, आणि एकाच वर्गाची यादी दोन्हींवरून छापून, नाव न् नाव समोरासमोर ताडून पाहा.