घटता पट आणि वस्तीवरची शाळा



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील लोकवस्तीची घडण पाण्याने केली आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा काढण्यात आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे पाणी या रानांत खेळू लागले. बागायतीला रात्रंदिवस राखण लागते. म्हणून शेतकरी गावठाण सोडून शेतावर राहावयास गेला आणि जागोजागी वस्त्या उभ्या राहिल्या. पुढे १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. भीमेच्या पाणफुगवट्याखाली पळसदेवसारखी जुनी गावे गेली आणि नव्या जागी नवी गावठाणे वसली. माणूस पाण्याच्या मागे गेला आणि शाळा माणसाच्या मागे गेली.

१ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे आली. गावोगाव शाळा निघाल्या. २००० नंतरच्या काळात वस्तीशाळांच्या रूपाने शिक्षण अगदी शेताच्या बांधापर्यंत पोहोचले. मूल शाळेपर्यंत चालत जाऊ शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे त्यामागील सूत्र होते. आज त्याच वस्तीवरील शाळेच्या हजेरीपटावर आठ-दहा नावे उरली, तर ती चालवावी की मिटवावी, हा प्रश्न पंचायतींपुढे येतो.

पट का घटतो?

या प्रश्नाचे मूळ एका यशात आहे. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण ज्या काळात गावोगावच्या भिंतींवर झळकला, त्या काळाच्या प्रयत्नांना फळ आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता. तो २००५-०६ मध्ये २.१ झाला आणि २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी हा दर साधारणपणे २.१ असावा लागतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. पूर्वी ज्या घरातून चार मुले शाळेत जात, त्या घरातून आज एक किंवा दोन जातात. वस्ती तीच, घरे तीच. पण पाट्या कमी झाल्या.

तथापि सारा दोष जन्मदरावर टाकणे योग्य नव्हे. औद्योगिक वसाहतीतील नोकरीसाठी तरुण कुटुंबे बारामती शहरात राहावयास जातात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी वस्तीच्या दारापर्यंत येते आणि मुलांना घेऊन जाते. म्हणून प्रत्येक पंचायतीने पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की, आपल्या वस्तीत मुलेच नाहीत, की मुले आहेत पण आपल्या शाळेत नाहीत? या दोन दुखण्यांवरील औषध एक असू शकत नाही.

राज्यातील अनुभव

२०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय झाला आणि त्यावर राज्यभर चर्चा झडली. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्यासाठी प्रस्ताव मागविले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील समूह शाळांची उदाहरणे त्या वेळी देण्यात आली. अशा कमी पटाच्या शाळांची संख्या तेव्हा १४,७८३ सांगण्यात आली आणि त्यांतील विद्यार्थी १,८५,४६७ होते. म्हणजे दर शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले.

त्याआधी २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले शाळा बंद झाल्यामुळे बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. दप्तरे परत घ्या आणि बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. शाळा दूर गेली की मूल कोणीकडे जाते, हे त्या मुलांनी कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट सांगितले.

दोन्ही बाजू

लहान शाळा टिकावी असे म्हणताना तिच्या उणिवांकडे डोळेझाक करून चालणार नाही. चार इयत्तांत मिळून आठ मुले असली, तर एखाद्या वर्गात एकच मूल बसते. त्याला वाद घालावयास सोबती नाही, खोखोला गडी नाही. एक शिक्षक रजेवर आणि दुसरा बैठकीला गेला, की त्या दिवशीची शाळा संपते. मोठ्या शाळेत ग्रंथालय, मैदान आणि प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळू शकतो. शाळांनी एकमेकींच्या आधाराने चालावे, हा विचार कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळा-संकुलाच्या रूपाने मांडला होता आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो पुन्हा पुढे आणला.

परंतु संकुल म्हणजे विलीनीकरणच, असे समीकरण मांडण्याचे कारण नाही. शाळा आपापल्या जागी ठेवूनही ग्रंथालय, प्रयोगसाहित्य, क्रीडाशिक्षक आणि आठवड्यातील एक सामुदायिक दिवस सामाईक ठेवता येतो.

शिवाय कायदा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार शाळा मुलाच्या परिसरात असली पाहिजे. राज्याच्या नियमांनुसार हे अंतर पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर आहे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असावेत, असेही कायद्याची अनुसूची सांगते.

एक किलोमीटर म्हणजे किती?

नकाशावरचा किलोमीटर आणि सहा वर्षांच्या मुलीचा किलोमीटर एक नसतो. नीरेच्या कालव्यापलीकडील शाळा डोळ्यांना दिसते, पण पूल लांब असतो. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या त्याच रस्त्याने कारखान्याकडे धावतात. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस उभा असतो आणि मधून जाणारी पायवाट निर्जन असते. अशा वाटेने लेकीला एकटी धाडण्यास आईचे मन धजत नाही. आई-वडील दोघेही कामावर जाणारे असतील, तर सोडावयास येणार कोण? मुलगा कसा तरी जातो, मुलगी घरी राहते. एस.टी.च्या मोफत पासची सवलत मुलींना पाचवीपासून मिळते. चौथीपर्यंतची मुलगी त्यात येत नाही, आणि वस्तीवर एस.टी. जात नाही.

आणखी एक बाब ऊस पट्ट्यातील पंचायतींनी ध्यानात घेण्याजोगी आहे. शाळेची संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून त्यानंतर, दिवाळीच्या सुमारास येतात. त्यांची मुले ज्या शाळेत बसू शकतात, तीच शाळा सप्टेंबरच्या आकड्याने रिकामी ठरते. चार-पाच महिन्यांचे हे पाहुणे विद्यार्थी हिशेबात धरल्यावाचून कोणत्याही शाळेचा निवाडा करू नये.

पंचायतीने काय करावे?

पहिली गोष्ट, सहा वर्षे आधी मोजणी करावी. जन्माची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी होते. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीच्या नोंदवहीत असतात. या दोन वह्या शेजारी ठेवल्या, तर पुढील प्रत्येक जूनमध्ये पहिलीच्या वर्गात किती मुले येऊ शकतील, हे आजच कळते. शाळा एका दिवसात रिकामी होत नाही. मोजणी मात्र आदेश आल्यावर सुरू होते.

दुसरी गोष्ट, शाळाशाळांतील भेद ओळखावा. जेथे जवळ दुसरी शाळा आणि सुरक्षित वाट आहे, तेथे पालकांच्या संमतीने एकत्रीकरण हिताचे ठरू शकेल. जेथे मध्ये कालवा, ओढा किंवा मोठा रस्ता आहे, तेथे एक मूल असले तरी पर्यायाची सोय आधी आणि बदल नंतर, हा क्रम मोडू नये. वाहनाची हमी कागदावर नव्हे, तर वर्षभर दारात उभी राहिली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. निर्णयापूर्वी या समितीचे आणि ग्रामसभेचे म्हणणे लेखी घ्यावे.

तिसरी गोष्ट, मुले असूनही शाळा ओस पडत असेल, तर शाळाच सुधारली पाहिजे. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२२ मध्ये अवघ्या तीन विद्यार्थ्यांवर आली होती. गावाने आणि शिक्षकाने ती हाती घेतली, मोठ्या मुलांनी लहानांना शिकविण्याची पद्धत रुजली, पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत तिला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. प्रत्येक वस्तीवर असे घडेल असे नाही. पण वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांना एकत्र शिकविणे ही अडचण न राहता पद्धत होऊ शकते, हे तेथे दिसून आले. शिक्षकांना त्याचे रीतसर प्रशिक्षण मिळणे अगत्याचे आहे.

चौथी गोष्ट, जी शाळा खरोखरच बंद करावी लागेल तिची इमारत पडू देऊ नये. जपानमध्ये जन्मदर घटल्यामुळे हजारो शाळा बंद झाल्या आणि २०१० पासून तेथील शासन त्या इमारतींना नवा उपयोग मिळवून देण्याचा उपक्रम चालविते. आपल्याकडे अंगणवाडी, वाचनालय, बचत गटाचे काम किंवा तोडणी कामगारांच्या मुलांचा हंगामी वर्ग तेथे भरू शकतो.

लहान कुटुंबाचा संदेश देताना समाजाने एक वचनही दिले होते की, मुले थोडी असतील, पण प्रत्येकाचे पालनपोषण आणि शिक्षण चांगले होईल. वचनाचा पहिला भाग खेड्यातील माउल्यांनी पुरा केला. दुसरा भाग पुरा करण्याचे काम पंचायत, शिक्षक आणि प्रशासन यांच्याकडे शिल्लक आहे. येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक गावात जन्मनोंदीची आणि अंगणवाडीची वही एकाच टेबलावर आली, तर त्या कामाचा आरंभ झाला असे म्हणता येईल.