कुर्ल्याची फियाट, कल्याणची प्यूजो

एक इटलीची लेक, दुसरी फ्रान्सची. पण दोघींचं सासर एकच, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. फियाट कुर्ल्यात तयार व्हायची आणि प्यूजो ३०९ आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात. एक जवळजवळ चार दशकं नांदली. दुसरी चार वर्षंही धड टिकली नाही.

फियाट ११००चं हे रूप कुर्ल्यात १९६४च्या सुमारास बनू लागलं. पुढं १९७४ला तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं आणि ती पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढं सलग बाकासारखी सीट. त्यावर तिघं सहज बसत, आमच्याकडे लग्नाला जाताना चौथाही. उन्हाळ्यात कसारा घाट चढताना ती हमखास धापा टाकायची. मग बॉनेट उघडायचं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि झाडाखाली डबा सोडायचा. डबा संपेपर्यंत बाईंचा राग उतरलेला असे.

प्यूजो ३०९ युरोपात १९८५ला आली. खरं तर ती टॅलबॉट नावानं निघायची होती, आयत्या वेळी तिचं बारसं बदललं. आपल्याकडे आली ती नव्वदच्या दशकाच्या मध्याला. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना, पाच गिअर, शिवाय काचेसकट वर उघडणारं मागचं दार. बसायला मला आजही तीच आवडेल. त्या काळच्या कल्याणच्या खड्ड्यांवरून ती अशी जायची की मांडीवरच्या मुलाची झोप मोडू नये. फियाटमध्ये प्रत्येक खड्डा मागच्या पाट्यांतून थेट पाठीच्या मणक्यात पोचे.

माझे मामू कल्याणात मिस्त्री होते. ते म्हणायचे, "फियाट रुसते, पण का रुसली ते सांगते. ही फ्रेंच बाई मुकी आहे रे." त्यात मिस्त्र्याचा पूर्वग्रह होताच, पण तथ्यही होतं. फियाटचा कार्ब्युरेटर नाक्यावरचा पोरगाही उघडून साफ करी, भाग जुन्या बाजारात मिळत. प्यूजोचा एखादा भाग गेला की गाडी उभीच. गाडी चांगली असून भागत नाही, तिच्यामागं दुकानं आणि मिस्त्री उभे राहावे लागतात. त्याला वर्षं लागतात. प्यूजोला ती मिळालीच नाहीत. कारखान्यात कामगारांचा तंटा, भागीदारांत बेबनाव, त्यात प्रीमियरनं उनोसाठी पुन्हा फियाटचा हात धरलेला. दशक संपण्याआधीच प्यूजोनं इथून काढता पाय घेतला. गंमत बघा, एका कंपनीच्या छपराखाली ज्यांचं जमलं नाही, ती फियाट आणि प्यूजो २०२१पासून स्टेलँटिस नावाच्या एकाच घरात राहतात!

आम्हाला या सगळ्याची झळ वेगळीच लागली. एकेकाळी आमच्याकडे "मुलगा प्रीमियरला आहे" एवढं सांगितलं की सोयरिकीत पुढचे प्रश्न विचारत नसत. त्या मुलांपैकी एक पुढं स्टेशनबाहेर रिक्षा चालवताना मला भेटला. गाडीचा आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल आहे हे सांगणारा माणूस. भाडं घ्यायला तयार नव्हता.

पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. ३०९ गेली तेव्हा कुणी फोटो काढल्याचं मला आठवत नाही. डोंबिवलीच्या बाजूला सभा भरतात त्या पटांगणाला लोक अजून प्रीमियर मैदान म्हणतात. तिथं क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना मी एकदा विचारलं, हे नाव कशावरून? एकजण म्हणाला, "काका, प्रीमियर लीगवरून."