कर्ज घराचं, फेड सगळ्यांची

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरत्या, अथर्वशीर्ष आणि मुलांच्या नाटुकल्यांच्या मध्ये कर्जावरचं भाषण थोडं विचित्र वाटेल. पण या सभागृहात हप्ता नसलेली घरं शोधायला निघालं, तर फार थोडी सापडतील. कुणाचा घराचा, कुणाचा केळीच्या बागेचा, कुणाचा लूमचा, तर कुणाचा मुलांच्या शिक्षणाचा. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीतले साधे डिप्लोमावाले, अर्थशास्त्राचे जाणकार नाही. आमच्या घरात जे चाललं आहे तेवढंच सांगतो.

आपल्या जुन्या घरांमध्ये कर्ज झाकून ठेवायची रीत आहे. मुलांना कळू नये, आईला काळजी नको, पाहुण्यांना तर वासही नको. पण आपला इतिहास काय सांगतो? १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर आपलं बऱ्हाणपूर निजामाकडून मराठ्यांकडे आलं. पुढच्याच वर्षी पानिपत झालं, नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. राज्याबरोबर कर्जही वारशानं आलं. १७७२ मध्ये थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी आपल्यामागे काय करावं याची नऊ कलमं लिहवून ठेवली. त्यात कर्ज फेडण्याचंही कलम आहे. सत्ताविसाव्या वर्षी जग सोडून जाणाऱ्या पेशव्यांनी कर्ज झाकलं नाही, कागदावर मांडलं. मग आपण पगारदारांनी कशाला लाजायचं?

आमच्या घरावर तीन कर्जं होती. बँकेचं घराचं कर्ज, १० लाख, २० वर्षांसाठी. बाबांच्या आजारपणात क्रेडिट सोसायटीतून घेतलेलं दुसरं. आणि त्याच वेळी मामांनी हातावर ठेवलेले ४० हजार, बिनव्याजी, कागद न करता.

घरी आम्ही पाच जण. आई, आम्ही दोघं, मुलगी आणि मुलगा. बँकेचा हप्ता ५ तारखेला कटतो. एका ५ तारखेला मुलीनं पासबुक पाहिलं आणि विचारलं, "बाबा, नऊ हजार भरले आणि कर्ज दीडच हजारानं कमी झालं?" घरात कुणीच बोललं नाही. आईनं उठून हातातल्या पाटल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

पाटल्या आम्ही परत तिच्या हातात घातल्या. पण त्या रात्री कागद-पेन घेऊन सगळे बसलो. हिशेब असा निघाला. १० लाखांवर ९ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याजच साडेसात हजार होतं. म्हणून नऊ हजारांच्या हप्त्यातून मुद्दल जेमतेम दीड हजार फिटतं. व्याजदर तोच राहिला तर १० वर्षं नियमित हप्ते भरल्यावरही सुमारे ७ लाख १० हजार बाकी राहतात. निम्मं मुद्दल फिटायला १४ वर्षं लागतात, आणि उरलेलं निम्मं मात्र ६ वर्षांत फिटतं.

मंडळी, माणसं खचतात ती पहिल्या वर्षांत. काटकसर करूनही काही हलत नाही असं वाटतं आणि दोष एकमेकांवर जातो. तुझ्या माहेरचा आहेर, तुमच्या मित्रांचं चहापाणी. खरं तर दोष कुणाचाच नसतो, व्याजाचं गणितच तसं असतं. हे गणित सगळ्यांना कळल्यावर आमच्या घरातली निम्मी भांडणं संपली.

नोकरीत आम्ही मोजमाप पुस्तक लिहितो. जे काम पुस्तकात चढलं नाही, त्याचं बिल निघत नाही. तीच सवय घरी लावली. ज्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहायचो, त्यावरच दर ५ तारखेला तिन्ही कर्जांची बाकी मुलगी लिहिते. आकडा कमी झालेला सगळ्यांना दिसतो. धाकटा तर आता आठवण करून देतो.

पुढचा प्रश्न, आधी कुठलं कर्ज फेडायचं? हिशेबानं पाहिलं तर ज्याचं व्याज जास्त ते आधी. क्रेडिट कार्डाचं देणं महिना तीन-साडेतीन टक्क्यांचं असतं. ते कुणाकडे असेल तर दुसरा विचारच करू नये. आमच्याकडे तसं नव्हतं. आई म्हणाली, "भावाचे आधी द्या. लग्नकार्यात तो समोर आला की माझी मान खाली जाते." व्याज शून्य, पण ओझं सगळ्यात जड तेच होतं. दरमहा अडीच हजार बाजूला काढले. सोळा महिन्यांत मामांचे पैसे फिटले. शेवटची रक्कम द्यायला आम्ही सगळे गेलो, सोबत आपल्या गावचा दराबा घेऊन. मामा पैसे घ्यायला तयार नव्हते. आई म्हणाली, "घे, म्हणजे मी तुझ्याकडे हक्कानं चार दिवस राहायला येईन."

तेच अडीच हजार पुढच्या महिन्यापासून सोसायटीच्या हप्त्यात मिळवले. एक कर्ज फिटलं की त्याचा हप्ता खर्चात विरघळू द्यायचा नाही, पुढच्या कर्जाला जोडायचा. सोसायटीचं कर्जही आता संपत आलं आहे.

घराच्या कर्जाबाबत एक गोष्ट सांगतो. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर बँकेनं दंड घ्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. महागाई भत्त्याचा एरियर आला की आम्ही तो तिकडे भरतो. आमच्यासारख्या कर्जात वर्षाला एक हप्ता जास्त भरला तर साधारण साडेतीन वर्षं आधी सुटका होते. मात्र हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा, असं बँकेला लेखी सांगावं. शेतकरी बांधवांना तर माहीतच आहे, सहकारी सोसायटीचं पीककर्ज तारखेला भरलं तर शून्य टक्के पडतं. तारीख चुकली की ती सवलत गेली.

काटकसर म्हणजे घराचा तुरुंग करणं नव्हे. आमच्याकडे महिन्यातून एकदा मावा जिलेबी येतेच, आणि मुलांच्या पुस्तकांना कात्री नाही. कुठला खर्च थांबवायचा हे मुलंही सांगतात, म्हणून त्यांना तो हुकूम वाटत नाही.

शेवटी समाजाकडे एक मागणं. हप्ते चुकतात ते बऱ्याचदा आपल्याच कार्यांमुळे. मुंज, साखरपुडा, बारसं, प्रत्येक ठिकाणी आहेर आणि परतीचा आहेर. यंदापासून आपण घराघरांत ठरवू, आहेर आणायचा नाही आणि घ्यायचाही नाही. ज्या घरात हप्ता चालू आहे, त्या घराला याहून मोठी मदत नाही.

चिंतामणी चिंता हरतो, पण आकडा आपल्यालाच लिहावा लागतो. येत्या ५ तारखेला आपापल्या कालनिर्णयवर तो लिहा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

 गणपती बाप्पा मोरया!