पदक अस्सल; पण कोणाचे?

दि. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली येथे पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरला. त्या प्रसंगी दिलेली चांदीची पदके आजही पाहावयास मिळतात. त्यांची पारख करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पदक अस्सल आहे काय, हा पहिला. ते कोणास मिळाले, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर धातू देतो. ठशाने उठविलेल्या पदकावरील बादशहा व राणी यांच्या मुखाकृती आणि मागील फारसी अक्षरे रेखीव असतात. साच्यात ओतलेली नक्कल थंड होताना किंचित आकसते. रेषा बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे पडतात. म्हणून व्यास व वजन खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहावे.

दुसऱ्याचे उत्तर धातू देत नाही. कारण हे पदक नाव न कोरताच दिले गेले. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर मात्र सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण असते. तेथेही मूळ नाव घासून दुसरे उमटविले असल्यास कड त्या जागी झिजलेली दिसते.

म्हणूनच दरबारी पदकाबाबत ‘आमच्या पणजोबांचे’ एवढे सांगणे पुरेसे नव्हे. त्या काळचे पत्र अथवा दप्तरातील नोंद हवी. शिक्षक व पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, दाखला देताना स्वतः पाहिले तेवढेच लिहावे. पदक घासून चकचकीत करू देऊ नये आणि सोबतचा कागद वेगळा होऊ देऊ नये. तो एकदा दूर गेला की चांदी तेवढी उरते. ज्याला ती मिळाली त्याची ओळख परत मिळत नाही.