खुंट्यांवरचे विणकाम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या रांगेत बसून विणते आणि दुसऱ्या कोणाचे तरी भाषण ऐकते. यंदा मलाच उभे केले आहे. बोलण्याची सवय नाही, तेव्हा हातातले कडे दाखवीत दाखवीत सांगते.

तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून माझे उजवे मनगट मोडले, हे तुम्हांला ठाऊकच आहे. हाड सांधले, पोळ्या लाटू लागले; पण सुया काही धरवेनात. दहा ओळी झाल्या की अंगठ्यातून कळ निघे. सुनेला तेव्हा दिवस गेले होते. घरातल्या प्रत्येक बाळाला माझ्या हातची टोपी मिळाली, आणि आता विकतची आणायची! मी सुया फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. कोणाजवळ बोलले नाही.

मोठ्या नातीने ते पाहिले असावे. तिने हे खुंट्यांचे कडे आणून दिले. मी म्हटले, "हा काय पोरखेळ!" आणि मूळ खरोखरच पोरखेळाचे आहे. लाकडी रिळावर चार खिळे ठोकून मुले लोकरीची दोरी विणतात, तेच हे. खिळ्यांच्या जागी चोवीस खुंट्या आल्या की दोरीऐवजी टोपी होते. सुईवर सारे टाके दाटीने बसतात आणि त्यांचा भार मनगटावर येतो. इथे दर टाक्याला स्वतंत्र खुंटी, आणि कडे मांडीवर टेकलेले.

आता कृती. माझ्या २४ खुंट्यांच्या कड्यावर तान्ह्याची टोपी होते, ३६ च्या कड्यावर मोठ्या माणसाची. खुंट्या दूर दूर असल्याने लोकर जाड हवी; नाहीतर दोन धागे एकत्र घ्यावेत, म्हणजे वीण जाळीसारखी विरळ होत नाही.

लोकरीचे टोक बाजूच्या खुंटीला अडकवा. धागा आतून बाहेर आणून पहिल्या खुंटीला वळसा द्या, पुन्हा आत नेऊन दुसरीला. असे सर्व खुंट्यांना. वळसे खाली सारून दुसरा फेरा घाला. आता प्रत्येक खुंटीवर दोन वळसे झाले. आकड्याने खालचा वळसा उचलून वरच्यावरून आत टाका. ही झाली एक ओळ. सुरुवात शेवटच्या खुंटीपासून करावी, म्हणजे धागा सुटत नाही. आणि वळसे सैल ठेवा! आपण सुईवाल्या धागा ओढून धरतो. इथे ओढलात तर आकडा आत शिरणार नाही आणि पुन्हा मनगटच दुखेल.

सुलट टाक्याला धागा खुंटीवरच्या वळशाच्या वर धरावा, आकडा वळशातून खालून वर घालून धागा खाली ओढावा. उलट टाक्याला धागा वळशाच्या खाली धरावा, आकडा वरून खाली घालून धागा वर काढावा. दोन्हींत जुना वळसा खुंटीवरून काढून नवा चढवायचा. दोन सुलट, दोन उलट केले की काठ ताणतो आणि डोक्याला बसतो. मफलरीसाठी फेरा पूर्ण न करता शेवटच्या खुंटीवरून परत फिरावे, आणि एक ओळ सुलट, एक उलट घालावी. नुसत्या सुलट ओळींची पट्टी कडेला गुंडाळते.

टोपी संपवताना कड्याच्या घेराच्या दुप्पट धागा ठेवून कापा, बोथट सुईत ओवा, प्रत्येक वळशातून खालून वर काढा आणि मग टोपी उतरवून धागा आवळा. एकही वळसा राहता कामा नये. हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या टोपीत माझा एक राहिला. बारशाच्या दिवशी, पाळण्यात, टाका गळत गळत शेंड्यापासून कपाळापर्यंत शिडी झाली. विहीणबाई समोरच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पर्समधून क्रोशाची सुई काढली, खालच्या वळशात घालून शिडीची एकेक पायरी वर ओढीत आणली आणि शेंडा शिवून टाकला. बाळ जागेही झाले नाही.

सुयांची सफाई याला येत नाही, हे कबूल करते. बारीक लोकरीचा नक्षीदार स्वेटर माझ्या हातून आता होणार नाही. पण त्या बारशानंतर अकरा टोप्या झाल्या आहेत.

आज पाच कडी आणली आहेत. चहा होईपर्यंत दोन ओळी सहज होतील. ज्यांच्या सुया माझ्यासारख्या ट्रंकेत पडल्या आहेत, त्यांनी संकोच न करता पुढे येऊन बसावे.