कीचक कोण, हे कोणी ठरवलं?



कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त एकही इंग्रज नाही. विराटाचा दरबार, अज्ञातवासातले पांडव, सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी आणि तिच्यावर डोळा ठेवणारा सेनापती कीचक. गोष्ट घरोघर ठाऊक असलेली. तरीही १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर १९१०मध्ये सरकारने बंदी घातली.

प्रेक्षक नाटकाला येताना काय मनात घेऊन येत होते, ते पाहा. १९०५च्या वंगभंगाची जखम ओली होती. ती देणारे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मायदेशी गेले, पण त्यांचा तोरा लोक विसरले नव्हते. १९०७च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेसमधले जहाल-मवाळ फुटले. १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. खाडिलकर तर 'केसरी'तले टिळकांचे सहकारी. मग कीचकात कर्झन, द्रौपदीत भारतमाता, सबुरी सांगणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले, यात नवल ते काय? नाटककाराला फोड करून सांगावी लागली नाही. ते काम काळाने केलं.

सरकारनेही नाटक असंच वाचलं. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. प्रयोग होता 'शारदा'चा, म्हणजे बाला-जरठ विवाहावरच्या नाटकाचा! त्यानंतर भरलेलं नाट्यगृहच संशयित ठरलं. पुढे महिन्याभरात 'कीचकवधा'विषयी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जो लेख आला, त्यात संहितेइतकंच लक्ष प्रेक्षकांकडे आहे: पुरुषांचे ताणलेले चेहरे, बायकांचे पाणावलेले डोळे, कीचक मरताच उठणारा समाधानाचा हुंकार. आरोप नाटकावर, साक्ष मात्र प्रेक्षकांची.

कीचकाचा हाच वध बाबूराव पेंटर यांनी १९२०च्या 'सैरंध्री' या मूकपटात दाखवला. तिथेही कात्री लागली, पण वध फार हुबेहूब वाटला म्हणून. आणि त्याआधी, १८९०मध्ये, राजा रविवर्म्याने कीचक-सैरंध्रीचं चित्र काढलं, तेव्हा कर्झन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय व्हायलाही अवकाश होता. प्रसंग एकच, दर वेळी वेगळा वाचला गेला.

आता माझा मुद्दा. राजकीय हवा कलाकृतीला एक अर्थ देते, तसा दुसरा झाकूनही टाकते. द्रौपदी भारतमाता झाली आणि सैरंध्री मागे पडली. ही बाई राजवाड्यात नोकरी करते. राणी सुदेष्णा मद्य आणायच्या निमित्ताने तिला मुद्दाम कीचकाकडे धाडते. भर सभेत तिला लाथ बसते आणि राजा गप्प राहतो, कारण त्याचं राज्य या सेनापतीच्या जोरावर चाललेलं. नवराही तिला सबुरी सांगतो. आजच्या नोकरदार बाईला हे आधी कळेल, कर्झन नंतर. तिचं वाचन जास्त शुद्ध आहे असं मी म्हणत नाही. तेही तिच्या काळानेच घडवलेलं आहे. पण १९०७च्या टाळ्यांत ते ऐकू येणं कठीण होतं.

नाटक पाहताना कीचक कोण, हे आपण चटकन ओळखतो. आपला राग कुणावर आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्या ओळखीच्या भरात ज्या बाईचं गाऱ्हाणं समोर चाललंय तिला आपण नुसतं प्रतीक करून टाकलं का, हेही प्रेक्षकाने स्वतःला विचारावं, एवढीच विनंती.