दोष पार्टात की सांध्यात?

(बार्शीटाकळी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या मंचावर शेती, इतिहास, संतवाङ्मय असे विषय शोभतात. आज विषय आहे कारचा सायलेन्सर. तरी गर्दी बरी दिसते, याचा अर्थ गावात वाजणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत!

माझं म्हणणं थोडक्यात असं. गाडीला बाजारातला पार्ट बसवला आणि गाडी वाजू लागली, की आपण पार्टाला शिव्या घालतो. तो बदलतो, दुसरा आणतो, तोही वाजतो. अशा वेळी पहिला संशय सांध्यावर घ्यायचा. कोणता सांधा, हे आवाजच सांगतो. फक्त तो क्रमाने ऐकावा लागतो.

हा आवाज मुळात तयार कसा होतो? इंजिनात इंधन जळतं, पिस्टन खाली ढकलला जातो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. त्या वेळी आत बराच दाब शिल्लक असतो, तो एकदम सुटतो. दर सुटण्याला एक ठोका. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात असे दोन ठोके पडतात. गाडी ८०० आरपीएमवर नुसती उभी असली तरी सेकंदाला सुमारे २७ ठोके, ३००० आरपीएमला १००. हे ठोके मॅनिफोल्डमधून, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, पुढे लांब पाईपातून सायलेन्सरपर्यंत येतात.

टेबलावरचा हा जुना सायलेन्सर मी मुद्दाम उभा कापून आणला आहे. आत तीन कप्पे आहेत आणि भोकाभोकांच्या नळ्या. एका नळीचं तोंड दुसरीच्या तोंडासमोर येत नाही. वायूला वळसे घ्यावे लागतात, आवाजाच्या लाटा भिंतीवर आपटून परततात आणि मागून येणाऱ्या लाटांना मारतात. आता हा दुसरा, ‘फ्री-फ्लो’ म्हणून विकतात तो. यात बॅटरी मारली की आरपार उजेड दिसतो. सरळ नळी, तिला भोकं, भोवती ग्लास वूल. आवाज शोषायचं काम त्या ग्लास वूलचं. हा थोडा वापरलेला आहे, आतलं ग्लास वूल जळून उडून गेलंय. उरला पत्र्याचा डबा. असा सायलेन्सर बसवून आवाज वाढला, तर निदान करण्यासारखं काही नाही. विकत घेतलं तेच मिळालं.

खरा प्रश्न त्यांचा, ज्यांनी साधा, मूळच्यासारखाच पार्ट बसवला आणि तरी गाडी वाजते. त्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, केव्हा वाजते? सकाळी थंड गाडी चालू केली की पुढून ‘टिक टिक टिक’ येतं, टपेट वाजल्यासारखं. महान गावाच्या वाटेने चार-पाच किलोमीटर गेलं की बंद. आपण खूश, गाडी बरी झाली! बरी झालेली नसते. मॅनिफोल्डची गॅस्केट गळते आहे किंवा मॅनिफोल्डला चीर आहे. लोखंड तापलं, फुगलं, फट तात्पुरती मिटली, एवढंच. फट दिवसेंदिवस वाढत जाते, आणि मग गरम गाडीही वाजते.

पायडल सोडलं, गाडी उताराला लागली की मागून फटाके फुटतात, ही दुसरी तऱ्हा. कुठल्या तरी सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं इंधन पाईपात पेटतं. तिसरी तऱ्हा म्हणजे ठरावीक वेगालाच कानाला दडे बसवणारी घरघर; वेग थोडा कमी-जास्त केला की गायब. चार सिलिंडरच्या गाडीत २००० आरपीएमला सेकंदाला ६७ ठोके पडतात. नव्या पाईपाची लांबी त्याच ठोक्याला साथ देणारी निघाली की अख्खी केबिन घुमते. मधला छोटा डबा, रेझोनेटर, कापून सरळ पाईप टाकणाऱ्यांना हा प्रसाद हमखास मिळतो. इथे कितीही गॅस्केट बदला, उपयोग नाही. रेझोनेटर परत बसवावा लागतो.

दुसरा प्रश्न, कशाबरोबर वाजते? उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस द्या. तोच आवाज आला तर दोष इंजिन-एक्झॉस्टच्या बाजूचा. उभी गाडी गप्प आणि चालती गाडी वाजते, तर आवाज चाकाच्या वेगाने वाढतो का ते बघा. तसं असेल तर व्हील बेअरिंग किंवा टायर तपासा, सायलेन्सर बिचारा निर्दोष आहे. क्लच सोडताना, लोड येताना धडधडलं तर इंजिन माउंटिंग बघा. इंजिन हललं की पाईप फ्लोअरला टेकतो आणि सारी गाडी थरथरते.

तिसरा प्रश्न, कुठून वाजते? यासाठी घरच्या घरी करता येणारी परीक्षा सांगतो. गाडी उघड्यावर लावा. बंद शेडमध्ये किंवा शटर ओढून कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणूस मारतो. इंजिन थंड असतानाच चालू करा, हँडब्रेक ओढा. जाड ओलं फडकं घेऊन, हातमोजा घालून, एकाने टेलपाइपचं तोंड दोन-तीन सेकंद दाबावं. दुसऱ्याने बाजूला बसून, अंग गाडीखाली न घालता, कान द्यावा. लाइन घट्ट असेल तर फडकं हाताला ढकलतं आणि इंजिन दबतं. गळत असेल तर सांध्यातून ‘फुस्स’ ऐकू येतं. साबणाचं पाणी सांध्यावर टाकलं की बुडबुडे येतात. बोनेटखालच्या सांध्यासाठी रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं सांध्यावरून फिरवा. फक्त पंखा आणि बेल्टपासून नळी लांब ठेवा.

सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे काजळी. गळणाऱ्या फ्लँजच्या कडेला काळी रेघ उमटते, बारीक, एका बाजूला झाडू मारल्यासारखी पसरलेली. ती दिसली की शोध संपला. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका. खाली स्टँड लावा, नाहीतर गॅरेजच्या रॅम्पवर घ्या.

आता बाजारातला पार्ट बसवताना नेमकं काय बिघडतं? जुनी गॅस्केट पुन्हा टाकली जाते. ती एकदा दबली की दबली, दुसऱ्यांदा फट भरत नाही. फ्लँजचा एक बोल्ट आधी पूर्ण आवळला जातो आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे असतात. नव्या पाईपाचा व्यास जुन्यापेक्षा थोडा मोठा निघतो, मग क्लॅम्प कितीही पिळला तरी झिरपतं. हँगरचे रबर जागेवर बसत नाहीत, पाईप तिरका लटकतो, आणि आपल्याकडच्या पांदण रस्त्यांवर एखादा धोंडा लागला की सांधाच उघडतो. उष्णतारोधक पत्र्याचा स्क्रू लावायचा राहतो, मग तो पत्रा करवतीसारखा किरकिरतो. त्याला लोक ‘सायलेन्सर फुटला’ म्हणतात. आणि पाईपावर हातोडे पडले असतील तर कन्व्हर्टरमधली चिनी मातीची जाळी फुटलेली असू शकते. गाडी पूर्ण थंड झाल्यावर डब्याला मुठीने ठोका; आत खडखडलं तर तेच.

गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर कानापुरतं दुखणं राहत नाही. बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोचते, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतो, प्लग काळे होतात, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. अशा वेळी सेन्सर बदलून घेणारे भेटतात. सेन्सर खरं तेच सांगत होता, खोटी होती ती गॅस्केट.

थोडं कायद्याचं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. कारखान्यातून येणाऱ्या नव्या कारला धावत्या चाचणीत, साडेसात मीटरवरून मोजलेला आवाज ७४ डेसिबलच्या आत ठेवावा लागतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट होते, हे लक्षात घ्या. रस्त्यावर आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. नागपूर-पुण्यात जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिले आहेत. त्यात बुलेटवाले जास्त, पण कायदा कारला सवलत देत नाही. कन्व्हर्टर काढून सरळ पाईप टाकणारा तर पीयूसीतही अडकतो. फट ज्याची, त्याने ती वेळीच बुजवलेली बरी. मंगरूळपीर रस्त्यालगतच्या घरांत दुपारी लेकरं झोपलेली असतात, परीक्षेचा अभ्यास चाललेला असतो.

शेवटी खरेदीचं सांगतो. मूळ कंपनीचाच पार्ट घ्या, असा माझा आग्रह नाही. तो प्रत्येकाला परवडत नाही आणि चांगले बाजारी पार्ट मिळतात. पण जुना पार्ट सोबत न्या आणि नव्याशेजारी ठेवून व्यास, फ्लँजची भोकं, हँगरचे हुक, सेन्सरची जागा मोजून घ्या. नवी गॅस्केट, नवे नटबोल्ट आणि पावती घ्या. बसवल्यावर गाडी थंड असतानाच फडक्याची परीक्षा गॅरेजच्या दारात करून घ्या, पैसे त्यानंतर द्या. आणि ‘भाऊ, जुनीच गॅस्केट चालते, काही होत नाही’ असं कोणी म्हणालं, तर गॅरेज बदला. ते पार्ट बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.